कमेंट तुमच्याबद्दल असेल, तर ती आधी दुसऱ्याने वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एक ताई दोन वर्षांपासून यूट्यूबवर मराठीतून स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतात. साबुदाण्याच्या खिचडीचा व्हिडिओ चांगला चालला आणि त्याच्या मागोमाग घाणही आली. ‘ही कुठली मराठी?’, ‘खिचडीत शेव घालणाऱ्यांनी स्वतःला मराठी म्हणवू नये’, मग अंगकाठीवरून, मग सासूबाईंवरून. एकाने तर सहा वर्षांची लेक कुठल्या शाळेत जाते ते विचारलं आणि ‘युनिफॉर्म ओळखीचा वाटतो’ असंही लिहिलं. मिस्टरांचं म्हणणं, चॅनल बंद कर. ताई विचारतात, उत्तर द्यावं की दुर्लक्ष करावं? वीसेक कमेंट्स त्यांनी नमुन्याला चिकटवल्या आहेत.

ताई, बाकी सगळं नंतर. ती शाळेची कमेंट टीकेत मोडतच नाही, तिचा हिशेब वेगळा. तिला उत्तर देऊ नका, आणि पुसायच्या आधी तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात लिहिणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि व्हिडिओची लिंक दिसली पाहिजे. मग तो व्हिडिओ प्रायव्हेट करा. युनिफॉर्म, घराची पाटी, गल्लीचा कोपरा दिसणारे बाकीचे व्हिडिओही आजच तपासा. लेक दिसणाऱ्या व्हिडिओंवरच्या कमेंट्स कायमच्या बंद ठेवा. लहान मुलं असलेल्या कितीतरी व्हिडिओंवरच्या कमेंट्स यूट्यूबने २०१९ मध्ये स्वतःहून बंद केल्या होत्या, त्या अशाच लोकांमुळे. हे झालं की पुढचं वाचा.

आता माझं. मी इंदूरचीच, रामबागेतली, त्यामुळे माझ्याही मराठीत हिंदी डोकावेल, सांभाळून घ्या. इथल्या एका हिंदी दैनिकात सतरा वर्षं वाचकांच्या पत्रांच्या टेबलावर काढली. (हिंदी पेपरात मराठी बाई कशी, असं बाहेरच्यांना वाटतं. इथे ते नवीन नाही, ‘नई दुनिया’चे राहुल बारपुते तर संपादकच होते.) पेपर सोडल्यावर गेली दहा वर्षं छोट्या चॅनलवाल्यांच्या कमेंट्स सांभाळते. डबेवाल्या बायका, गाण्याच्या शिक्षिका, एक गणिताचे सर, एक शिवणक्लास. हाताशी दोन मुली आहेत. म्हणजे लोकांना आलेल्या शिव्या वाचणं हाच माझा धंदा.

तुम्ही विचारलंत उत्तर द्यावं की दुर्लक्ष करावं. पण खरी अडचण तुमच्याच एका वाक्यात आहे, ‘रात्री ओटा आवरून झाला की पडल्या पडल्या सगळ्या कमेंट्स वाचते, आणि मग दोन वाजेपर्यंत झोप नाही.’ उत्तर द्यायचं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. आधी ठरवायचं ते असं, की ही पत्रं फोडणार कोण?

पेपरात आमचे एक जुने उपसंपादक होते, त्यांचा एक नियम होता. ज्या लेखकाबद्दल पत्र आहे, त्याच्या टेबलावर ते थेट जाणार नाही. गोणीतली पोस्टकार्डं आणि अंतर्देशीय पत्रं आम्ही फोडायची, आम्हीच वाचायची. लेखकाची चूक दाखवणारं पत्र दुसऱ्या दिवशी त्याला जसंच्या तसं द्यायचं, शिव्यांसकट, फक्त कामाच्या वाक्याला लाल पेन्सिलीचा गोल करून. निनावी शिवीगाळ मात्र खणात. ती फाडायची नाही, कारण तेच अक्षर पुन्हा आलं तर ओळखू यायला हवं. मला तेव्हा वाटायचं, लेखकांचे हे काय लाड! पुढे कळलं की ज्याच्यावर टीका आहे तो तिचा सगळ्यात वाईट वाचक असतो. वीसातल्या एकोणीस ओळी त्याच्या हातून निसटतात आणि विसावी तेवढी पाठ होते. माणसाचं मन चांगल्यापेक्षा वाईट घट्ट धरतं. रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा ढीगभर संशोधनांचा आढावा घेऊन हेच मांडलं होतं. तुम्ही नाजूक आहात म्हणून झोप उडते असं समजू नका, सगळ्यांचीच उडते. पूर्वी मध्ये एक टेबल होतं. आता पोस्टमन थेट तुमच्या उशाशी येऊन गोणी रिकामी करतो.

म्हणून पहिलं काम ते टेबल परत आणण्याचं. तुमच्या कमेंट्स आधी दुसऱ्या कुणीतरी वाचायच्या. कोणी, हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. नवरा सहसा नको, तो चिडतो आणि मग तुम्हाला त्याची समजूत काढावी लागते. सासूबाईंवर लिहिलेलं सासूबाईंना वाचायला देण्यात तर काही अर्थच नाही. शांत डोक्याचा, जरा रुक्ष माणूस बघा. माझ्याकडच्या एका गाण्याच्या बाईंचं हे काम त्यांचे थोरले दीर करतात. आयुष्यभर बँकेत कॅशियर होते. नोटा मोजाव्यात तशा कमेंट्स मोजतात, फाटकी बाजूला, खोटी बाजूला, बाकीची गड्डी बांधून वहिनींच्या हातात. चेहऱ्यावर काही नाही. असा माणूस मिळाला तर सोनं. मैत्रीण चालेल, कॉलेजातली भाची चालेल, तुम्ही तिच्या चॅनलच्या वाचाव्यात आणि तिने तुमच्या. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पुरतात. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये दुसऱ्याला मॉडरेटर नेमता येतं, पासवर्ड द्यायची गरज नाही.

कोणीच नसेल तर? मग तुम्हीच, पण दिवसा, टेबलाशी बसून, हातात वही घेऊन. अंथरुणात नाही आणि जेवणाआधी नाही. फोनमधल्या कमेंटच्या सूचना बंद. एवढ्याने सगळं सुटत नाही, पण कमेंट तुमच्या वेळेला येते, तिच्या वेळेला नाही.

आता निवडायचं कसं. तुमच्याच वीस कमेंट्स मी निवडून पाहिल्या.

दोनमध्ये बोलणं वाईट आहे पण मुद्दा खरा आहे. ‘बाई, कढई आपटता की रेसिपी सांगता?’ हे वाचून तुम्हाला रडू आलं असं लिहिलंत. मी व्हिडिओ पाहिला. ताई, कढईचा आवाज खरंच फार येतो. फोन ओट्यावर टेकवलेला असणार, त्यामुळे ओट्याची प्रत्येक थाप माइकमध्ये जाते. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या किंवा फोन ओट्यापासून वेगळ्या स्टँडवर ठेवा. अशा कमेंटला एका ओळीत उत्तर द्यायचं, ‘बरोबर आहे, पुढच्या व्हिडिओपासून सुधारते.’ तुम्ही सूर बदलला की समोरचा पुष्कळदा मवाळ होतो. नाही झाला तरी माइक तुमचाच सुधारला. माझ्याकडे डबे देणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांच्या प्रत्येक व्हिडिओखाली कोणीतरी लिहायचं, ‘हात धुतले का?’ मावशी महिनाभर भांडल्या. ‘आमच्या घराण्यात असं नाही’ वगैरे. शेवटी आम्ही व्हिडिओच्या सुरुवातीला नळाखाली हात धुतानाची तीन सेकंदं घातली. प्रश्न संपला. एकाने ‘साबण कोणता?’ विचारलं, पण ते असो.

तुमच्या सगळ्यात जास्त कमेंट्स मात्र खिचडी आणि मराठी यांच्यावर आहेत, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही आपली जुनी ठणकती जागा आहे.

तुम्हाला या कमेंट्स लागतात कारण त्या फक्त तुमच्यावर नाहीत. ‘करून राहिले’ म्हटल्याबद्दल कोणी हसलं की आपल्याला आई आठवते, आजी आठवते, पुण्याच्या लग्नात कोपऱ्यात गप्प बसलेले आपले वडील आठवतात. हे मी समजू शकते. म्हणूनच माझी सगळ्यात मोठी चूकही इथेच झाली. २०१८ मध्ये एका चॅनलवर कुणीतरी लिहिलं, ‘हिंदीत बोला, मराठीचे हाल करू नका.’ मी त्या बाईंच्या वतीने अकरा ओळींचं उत्तर ठोकलं. होळकरांपासून सुरुवात. मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७ ला झालं, १९३५ ला झालं, २००१ ला झालं. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते हिंदी साहित्य संमेलनही १९१८ आणि १९३५ ला याच गावात झालं, म्हणजे या गावाला दोन्ही भाषा एका ताटात वाढायची सवय आहे. सगळं खरं होतं. लिहिताना मला फार बरंही वाटलं. पण दोन दिवसांत त्या कमेंटखाली शंभरावर उत्तरं पडली. जितकी जास्त उत्तरं तितकी कमेंट वर, त्यामुळे व्हिडिओ उघडला की पहिली दिसायची तीच शिवी. गराडू (आमच्याकडचा तळून खायचा कंद) कसा तळायचा हे पाहायला आलेला माणूस पुणे विरुद्ध इंदूर वाचून परत जाऊ लागला. त्या माणसाच्या एका ओळीला मीच माझ्या हाताने मंचावर नेऊन बसवलं होतं. शेवटी ती सगळी लडच काढून टाकावी लागली.

त्या दिवसापासून माझी समजूत अशी आहे की उत्तर कमेंट लिहिणाऱ्यासाठी नसतंच. तो निघून गेलेला असतो, दुसऱ्या कुणाच्या अंगणात थुंकत असतो. उत्तर असतं ते खाली गुपचूप वाचणाऱ्यांसाठी. त्यांना हवं असतं फक्त एवढंच, की या बाईंना आपण काय करतोय ते माहीत आहे का? तेवढं सांगायचं, आणि एकदाच. व्हिडिओखाली तुमची स्वतःची एक कमेंट लिहून पिन करा. मी असं लिहिलं असतं:

‘ही इंदुरी खिचडी आहे. महाराष्ट्रात साबुदाणा तुपात जिरं-मिरचीच्या फोडणीवर परततात, इंदूरच्या सराफा बाजारात ती वाफेवर गरम ठेवतात आणि गिऱ्हाईकासमोर मसाला, लिंबू आणि फरियाली (उपवासाचं) मिक्श्चर घालून कालवतात. परतलेली खिचडीही आमच्या घरी होते, तिचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात. माझी मराठी इंदूरची आहे, एखादा शब्द कळला नाही तर विचारा.’

यात माफी नाही, टोमणा नाही, आणि संमेलनांची यादीही नाही. यानंतर ‘शेव कशी चालते?’ अशी विसावी कमेंट आली तरी काही लिहायचं नाही. पिन केलेलं वर आहे. आणि हळूहळू तुमचेच प्रेक्षक तुमच्या वतीने उत्तर देऊ लागतात. कोणी भोपाळचं, कोणी बडोद्याचं, ‘आमच्याकडेही असंच बोलतात’ म्हणणारे. मात्र त्यांना तुम्ही बोलवायचं नाही. ‘पाहा, मला हे लोक कसं बोलतात’ असा व्हिडिओ करायचा मोह होईल. त्याला व्ह्यू येतात, हेही खरं. पण मग चॅनल भांडणाचं होतं आणि भांडणाला येणारे लोक मक्याचा कीस खायला थांबत नाहीत.

एक मात्र मान्य करते. शुद्धलेखनाची खरी चूक कोणी दाखवली, म्हणजे पाटीवर ‘दाण्याचा कुट’ असं ऱ्हस्व लिहिलंय वगैरे, तर ती दुरुस्त करा. इंदुरी असणं आणि ‘कूट’ चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कधीकधी पहिल्याच्या पदराआड दुसरी लपवतो.

शरीरावर, सासूबाईंवर, जातीवर जे आहे, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ते वाचायचं नाही, चॅनलवर ठेवायचंही नाही. एकदा लिहिणाऱ्याची कमेंट काढा. पुन्हा पुन्हा येणाऱ्याला चॅनलवरून लपवा. लपवलेल्याला तसं कळवलं जात नाही. तो लिहीत राहतो, दिसत कोणालाच नाही. इन्स्टाग्रामवरही ‘रिस्ट्रिक्ट’ आहे, त्याची कमेंट तुम्ही मंजूर करेपर्यंत त्याच्यापुरतीच राहते. ब्लॉक केल्यावर लोक नवं खातं काढून येतात, लपवलेला आपल्याच भिंतीशी बोलत बसतो.

शब्दांची यादीही लावून ठेवा, म्हणजे ते शब्द असलेली कमेंट आधी अडकेल. मराठी शिव्या लोक रोमन लिपीत लिहितात, त्याही चार-चार स्पेलिंगांत, म्हणून प्रत्येक शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हीकडे घाला. पण स्वयंपाकाच्या चॅनलवर सांभाळून. माझ्या हाताशी असलेल्या एका मुलीने ‘जाड’ हा शब्द अडवला आणि जाड पोह्यांबद्दल विचारणारे सगळे आठवडाभर अडकून पडले. ‘म्हैस’ अडवली की म्हशीचं दूध गेलं. ‘काळी’ अडवली तर काळी मिरी.

हे लोक असं का लिहितात? मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये यावर लिहिलं होतं, की नाव लपलेलं, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, त्यामुळे एरवीचे लगाम सैल होतात. माझा अनुभवही तसाच. पण खरं सांगू, कारण शोधण्यात तुमचा वेळ घालवू नका. पत्रांच्या टेबलावर मी सुरुवातीला प्रत्येक निनावी पत्रावर विचार करायचे, कोण असेल, काय दुखत असेल त्याला. त्याने माझं काम मागे पडायचं, एवढंच.

पोलिसांकडे जावं का, हेही विचारलंत. साध्या टवाळीसाठी नको, हाती काही लागत नाही. लोक अजून ‘६६-अ लावा’ म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. पण धमकी, सतत पाठलाग, अश्लील बोलणं, तुमच्या नावाचं खोटं खातं यांना कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी कलम ७८ आहे, त्यात ऑनलाइन पाळत ठेवणंही येतं. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान कलम ७९ मध्ये आणि धमकी ३५१ मध्ये. नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते. सरकारच्या राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, शिव्यांसाठी लोक तिथे फोन करून वैतागतात. शाळेच्या कमेंटबद्दल मी तुमच्या जागी असते तर पोर्टलवर तक्रार केली असती, जवळच्या ठाण्यात लेखी दिलं असतं आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना, रिक्षावाल्या काकांनाही सांगितलं असतं. तो कोणी फालतू पोरगाही निघेल. तरीही.

आणि एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. तुम्ही लिहिलंय की अर्ध्या कमेंट्स तुम्ही स्वतः पाहिल्याच नव्हत्या, त्या फॅमिली ग्रुपवर आत्यांनी पाठवल्या, ‘बघ गं, तुझ्याबद्दल काय काय लिहितात.’ हे काळजीने होतं, काही वेळा काळजीच्या नावाने होतं. माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणींना अनोळखी लोकांपेक्षा हे स्क्रीनशॉटच जास्त लागले आहेत. ग्रुपवर काही बोलू नका. आत्यांना एकट्यांना फोन करा आणि सरळ सांगा, ‘आत्या, कमेंट्स आता अमुक बघते, तुम्हाला काही दिसलं तर तिला पाठवा, मला नको.’ माणसाचं नाव घेऊन सांगितलं की ऐकतात. ‘पाठवू नका’ एवढंच म्हटलं तर रुसतात. सतत लिहिणारा एखादा ओळखीतला निघाला, आणि तसं होतं, तर मात्र मी इथून काही सांगू शकत नाही. तो कोण, नातं काय, घरात कुणाचं ऐकतो, यावर सगळं आहे. नाव उघड करायची घाई तेवढी करू नका.

मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. चॅनल बंद करावं का हे मी ठरवणार नाही. चॅनलमधून घरात पैसे येतात का, रोज किती कमेंट्स येतात, तुम्हाला अजून कॅमेऱ्यासमोर उभं राहावंसं वाटतं का, हे तुम्हालाच माहीत. पण चॅनल बंद करणं आणि कमेंट्स बंद करणं यांत फरक आहे, हे त्यांना दाखवा. पंधरा दिवस कमेंट्स बंद ठेवून व्हिडिओ टाकून पाहा. मधल्या काळात वाचणारा माणूस ठरवा, शब्दांची यादी करा, पिन करायचं लिहून ठेवा. पंधरा दिवसांनीही ओट्याशी उभं राहिल्यावर हात थरथरत असतील तर मग बंद करण्याचा विचार करा. झोप महिनाभर अशीच उडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते यूट्यूबचं काम नाही.

वीस कमेंट्समध्ये एक अशी आहे जी तुम्ही चुकून चिकटवली असावी, मधोमध, अकरावी. देवासच्या कोणी आजी आहेत. त्यांनी विचारलंय की चौघांच्या खिचडीला जिरावण (आपला इंदुरी मसाला) किती घालायचं, कारण त्यांच्या सुनेने घातलं ते तिखट झालं. तीन आठवडे झाले, त्यांना उत्तर गेलेलं नाही. ते आधी द्या. मलाही हवंय, मी अंदाजानेच घालते.